गैरहजराचा होकार

आमचा बुढा मेला तो भांडता भांडता मेला, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुमी भलतंच समजसान. ती वर्षंच तशी होती. अमरावती काय अन् अकोला काय, कापसाच्या गावात माणूस गेला का दुसऱ्या दिवशी पेपरवाला दारात हजर. आमच्याकडेही आला. म्हणे, औषध पेले काय? म्हणलं, नाही रे बाप्पा, चांदूर बाजारात सरकीच्या भावावरून एकाशी हुज्जत घालून राहिला होता, बोलता बोलता छाती धरली अन् खाली बसला. पेपरवाल्याचं तोंड उतरलं. त्याच्या कामाचा मुडदा नव्हता तो.

गावात बुढ्याले 'नाईवाला' म्हणत. ग्रामसभेत सरपंचानं 'मंजूर?' म्हणलं का पहिला आवाज त्याचा. 'नाई.' नाकातून, लांबवून. मंग काहून नाई ते सांगे. अर्ध्या वेळा त्याचं खरं निघे अन् अर्ध्या वेळा नुसता आडमुठेपणा. घरातही तेच. वरणात मीठ बरोबर पडलं काय म्हणलं तरी 'नाई'. त्या एका शब्दासंग मी सारा जलम संसार केला. सोपं नव्हतं.

तेरवी झाली, पाहुणे गेले, पोरगा अंकुर नोकरीवर नागपूरले गेला. अन् बुढा परत आला.

दिसला कधीच नाही, खोटं काहून सांगू. भर दुपारी मी ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसली का मांगं त्याची बाज करकरे. अन् मंग तो खाकरे. ग्रामसभेत बोलायले उठला का जसा घसा साफ करे तसा. मी सूप खाली ठेवून वाट पाहे. पुढं काहीच नाही. खाकरे अन् थांबे. रोज. पहिल्या पहिल्यांदा मले भेव वाटलं, मंग राग आला, मंग लय वाईट वाटलं. एक दिवस म्हणलं, बोला ना जी, काय बोलायचं ते, माया जीव काहून खाता? बाज नुसती करकरली.

त्याच्या घशात काय अडकलं होतं ते मले माहीत होतं.

मरायच्या आधी हिवाळ्यात फलक आली होती. फलक म्हणजे चांदूर बाजारच्या अब्दुल रहीम पिंजाऱ्याची पोरगी. आमच्या घरच्या साऱ्या गाद्या तिच्या बापानं भरलेल्या. पोरगी शिकली, अमरावतीले कॉलेजात शिकवते, इंग्रजी फाडफाड बोलते. तिनं सांगितलं का जगाच्या व्यापाराचे नियम जिथं ठरते, त्या संस्थेचा कारभार सुधारायसाठी एक समिती नेमली हाय. ती देशोदेशी फिरून लोकायचं ऐकून घेऊन राहिली, अन् कापसाच्या सुनावणीसाठी तिनं अमरावती निवडली. आजूबाजूच्या कापूस मंडळायले एकेक खुर्ची. फलक दुभाषी. आमच्या मंडळाकडून नाव कोणाचं जाणार, ते सांगायची गरजच नव्हती.

बुढ्यानं तिले ओट्यावर बसवून सारं खोदून खोदून विचारलं. तिकडे मतं कशी मोजते?

"मोजतच नाही, काका," फलक म्हणाली. "अध्यक्ष विचारते, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही का सगळ्यायचा होकार."

"अन् जो आलाच नाही तो?"

"त्याचाही होकार."

तिनं सांगितलं, आफ्रिकेत आपल्यासारखेच कापसावर जगणारे देश हाय. एकाच वेळी चार चार खोल्यायत बैठका चालते, अन् या देशायचा माणूस एक, कधी तोही नाही. श्रीमंत सरकारं आपल्या शेतकऱ्यायले पैसा देते, ते स्वस्तात कापूस बाजारात ओतते, अन् साऱ्या जगाचा भाव पडते. ते चालू राहते, कारण खोलीत 'नाही' म्हणायले कोणी नसते.

बुढा आधी हसला. मंग म्हणाला, "म्हणजे आमचा भाव पडला तो आमच्याच होकारानं पडला?"

त्या दिवसापासून त्यानं एक वाक्य धरलं. 'जो हजर नाही त्याचा होकार धरू नका.' बस, एवढंच. बाकीच्या मंडळायलेही सांगून ठेवलं का तुमी भावाचं बोला, अनुदानाचं बोला, हे मात्र मी बोलणार. म्हशीपुढं बोलून पाहे, आरशापुढं बोलून पाहे. मी म्हणे, म्हैस मंजूर म्हणते, आता जेवून घ्या. अन् मंग तो बाजारात गेला अन् आडवा होऊन घरी आला. वाक्य घशातच राहिलं. म्हणून तो घरातून जाऊन राहिला नव्हता. वाक्य बोललं गेलं का तो सुटणार, अन् मीही सुटणार, असं मले पक्कं वाटे.

उन्हाळ्यात फलक परत आली, ओशाळल्यासारखी. सुनावणीची तारीख ठरली होती. "काकू, खुर्चीवर काकायचंच नाव छापलं हाय. नाव बदलता येत नाही म्हणते. पण त्यायच्या वतीनं कोणी बसलं तर चालते. खुर्ची रिकामी राहिली तर मंडळाचा आवाजच नाही."

तारीख ऐकली अन् माया अंगावर काटा आला. आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा दिवस. बुढा गेल्यावरची पहिली आखाजी.

आता आमच्या घरची रीत सांगते. गावोगाव वेगळी असन, मले ठाऊक नाही. माणूस गेला का पहिल्या आखाजीले त्याच्या नावानं पितर बसवते. पितर म्हणजे जिवंतच माणूस, मेलेल्याच्या जवळचा. त्याले पाटावर बसवायचं, पुरणाची पोळी, भजे, कुरडी, चिंचेचं पाणी, सारं वाढायचं. त्या दिवशी तो तो नसते. तो मेलेला असते. म्हणून तो बोलत नाही. घरच्या बाईनं विचारायचं, पोट भरलं काय? तेवढ्याच प्रश्नाले तो तोंड उघडते. 'भरलं' म्हणलं का त्याच्या हातावर पाणी घालायचं, मेलेला सुटला, अन् पितर बसलेला माणूस परत आपला झाला. तोवर दोघंही अडकलेले.

आमच्याकडे पितर बसणार होते देवमनभाऊ. बुढ्याचे लहानपणापासूनचे दोस्त, अन् स्वभावानं उलटे, गरीब गाय. सारा जलम बुढ्याचं 'नाई' ऐकून मान हलवणारा माणूस.

मी काय केलं ते आता ऐका, अन् हसायचं असन तर हसून घ्या. मी विचार केला, त्या दिवशी बुढ्याच्या खुर्चीवर बसायचा हक्क कोणाचा? जो त्या दिवशी बुढा हाय त्याचा. सरळ गोष्ट. देवमनभाऊले दुपारी जेवू घातलं, पोट भरलं काय हे विचारलंच नाही, अन् जीपमध्ये बसवून अमरावतीले घेऊन गेली.

तुमी म्हणसान, पण तो बोलणार कसा? अहो, न बोलण्याचा अर्थ आमच्या गावात काय होते? भर सभेत माणूस गप्प बसला म्हणजे तो रुसला. सरपंच खाली उतरून त्याच्याजवळ जाते, म्हणते, काहून गुमसुम बसला गा, काय चुकलं? जोवर तो बोलत नाही तोवर ठराव पुढं सरकत नाही. आता लग्नात पोरीले विचारते, ती मान खाली घालते, अन् बाप म्हणते हो म्हणाली. पण तो खोटेपणा साऱ्यायलेच माहीत असते. मले वाटलं, एवढा मोठा साहेब, त्याच्यासमोर एक माणूस दगडासारखा गप्प बसन, तर तो विचारीन ना, काय चुकलं म्हणून. फलकनं ओट्यावर सारं सांगितलं होतं, मी ऐकलंही होतं, पण कानानं ऐकलं अन् रीतीनं विसरली.

बडनेरा रोडवरच्या मोठ्या हॉलात सुनावणी होती. वर एसी, खाली गालिचा. मधात गोल टेबल, अन् बघणाऱ्यायले मांगं बाकं. अध्यक्ष उंच, म्हातारा, डोळ्यानं चांगला माणूस दिसला. फलक त्याच्या बाजूले माईक घेऊन. देवमनभाऊ खुर्चीवर जाऊन बसले, समोर बुढ्याच्या नावाची पाटी. फलकनं त्यायले हात केला, त्यायनं ओळख दिली नाही. ती माह्याकडे पाहू लागली. मी खुणेनं सांगितलं, पितर हाय. तिच्या चेहऱ्याचा रंगच गेला. चांदूर बाजारची पोरगी, तिले पितर म्हणजे काय हे सांगावं लागत नाही.

सुधारणा ऐकायले लय गोड होत्या. लहान देशायले बसायले जागा देऊ, कापसाची वेगळी बैठक घेऊ, श्रीमंत देशायनं अनुदान हळूहळू कमी करावं. मंडळाचे लोक बोलले, भांडले, एकदोन शब्द बदलूनही घेतले. मंग शेवटचं कलम आलं. निर्णयाची पद्धत हाय तशीच राहीन, कोणाची हरकत आली नाही तर तो साऱ्यायचा होकार. बुढ्याचं कलम.

अध्यक्षानं विचारलं. फलकनं मराठीत सांगितलं, "कोणाची हरकत?"

सारे बुढ्याच्या खुर्चीकडे पाहू लागले. देवमनभाऊ समोर पाहत होते, डोळे उघडे, पापणी हालत नव्हती. बाकीच्यायपैकी कोणी काहून बोललं नाही म्हणता? हे बुढा बोलणार असं ठरलं होतं, अन् पितर बसला असताना त्याच्या आधी तोंड कोण उघडणार? सारे वऱ्हाडातलेच होते, आखाजीले असा दगडासारखा बसलेला माणूस म्हणजे पितर हे ओळखत होते. जी चूक माही, तीच त्यायची.

फलकनं पुन्हा विचारलं. या वेळी तिचा आवाज रडवेला होता. "कोणाचीच हरकत नाही काय? जो बोलणार नाही त्याचा होकार धरते हे लोक. काका, होकार धरते."

अध्यक्ष काही इंग्रजीत बोलला अन् त्यानं लाकडी हातोडी उचलली. तवा माया डोक्यात लख्ख उजेड पडला. जो माणूस जलमभर 'नाई' म्हणत आला, त्याचा मेल्यावर हे 'हो' लिहून घेऊन राहिले. त्याच्याच खुर्चीवर, त्याच्याच नावापुढं.

मी उठली. कोणीतरी म्हणलं, बाई, बसा, बघणाऱ्यायले बोलता येत नाही. म्हणलं, मी तुमच्यासंग बोलतच नाही. गालिच्यावरून चालत देवमनभाऊजवळ गेली. अन् जाता जाताच मले कळलं का मी काय करून राहिली. 'भरलं' म्हणाले तर ते देवमन होतीन, अन् देवमन तर जलमभर मान हलवणारा माणूस, तो कसली हरकत घेणार. 'नाही' म्हणाले तर ते बुढ्याचं 'नाही', पण मंग बुढा उपाशी. उपाशी पितर जात नाही. मी त्याले सोडवायले आणलं होतं.

हातोडी वरच होती.

"पोट भरलं काय जी?" मी विचारलं.

देवमनभाऊनं घसा साफ केला. ते खाकरणं देवमनचं नव्हतं.

"नाई," ते म्हणाले. नाकातून, लांबवून.

मंडळाच्या लोकायत कोणीतरी हुंदका दिला. अध्यक्षानं फलकले विचारलं असन, काय म्हणाले हे? ती काय बोलली ते तिनं मले मंग सांगितलं. ती म्हणाली, "साहेब, हे म्हणतात, नाही." बाकी काही सांगितलं नाही. पोरगी हुशार. साहेबानं हातोडी खाली ठेवली अन् एक हरकत लिहून घेतली.

परतीच्या जीपमध्ये मी रडली. जिंकल्यासारखंही वाटे अन् मुडद्याशी दगा केल्यासारखंही. घरी आल्यावर परत पाट मांडला, परत वाढलं, परत विचारलं. 'नाई.' दिवस मावळला, मंग विचारायचा वेळच गेला. देवमनभाऊ उठून न बोलता घरी गेले.

त्या दिवसापासून माया घरातली बाज करकरली नाही. खाकरणंही बंद. मले वाटलं, चला, अख्खं वाक्य नाही तरी त्याचं 'नाई' बोललं गेलं, रीत मोडली तरी बुढा समजदार निघाला. मी सुखानं झोपू लागली. येडी मी. तो गेला नव्हता. त्यानं घर बदललं होतं.

पोळ्याच्या सुमारास देवमनभाऊची बायको आली. म्हणे, "पार्वताबाई, तुमच्या घरी काय खाल्लं यायनं? टोपलंभर भाकरी खाते अन् म्हणते पोट भरलं नाही. अंगाले काही लागत नाही. डॉक्टर म्हणते काहीच नाही." मी पाहायले गेली. ओळखू येईनात. नुसत्या बरगड्या. मले पाहून रडले.

"वयनी, मले 'भरलं' म्हणता येत नाही," ते म्हणाले. अन् बोलायच्या आधी खाकरले.

म्हणलं, धीर धरा, सर्वपित्री अमावस्येले परत बसवते तुमाले. मीच अडकवलं, मीच सोडवते.

अमावस्येच्या सकाळी मी पुरण शिजवून राहिली होती तं फलक आली, हातात मोबाईल. त्या समितीचा फोन येणार होता. तिकडे परदेशात मोठी बैठक बसली होती, अन् त्यायले विचारायचं होतं, अमरावतीची ती एक हरकत अजून कायम हाय काय? ज्यानं घेतली त्यानंच सांगावं. "आज उत्तर गेलं नाही तर हरकत मागं घेतली असं धरते, काकू," फलक म्हणाली अन् तिनं खाली पाहिलं.

घ्या. पुन्हा तेच. या लोकायले गप्प माणूस दिसला का त्याचा होकार खिशात घालायची भारीच घाई. बोलणाऱ्याची बोरं विकते म्हणते, इथं तर न बोलणाऱ्याचं शेतच विकून राहिले होते.

तेवढ्यात देवमनभाऊ काठी टेकत आले. पाटावर बसले. मी वाढलं. ते खाऊ लागले, अन् ते खाणं पाहवत नव्हतं. फलक दाराशी उभी होती. तिलेही माहीत होतं, मलेही, अन् मले वाटते देवमनभाऊलेही. ते 'नाई' म्हणाले तर हरकत राहते अन् माणूस मरते.

"पोट भरलं काय?" मी विचारलं.

त्यायनं माह्याकडे पाहिलं. घशात खाकरणं आलं.

"भरलं म्हणा," मी म्हणलं. "मी सांगून राहिली. तुमच्या दोस्ताले मी पाहून घेते. भरलं म्हणा, भाऊ."

आपल्याच बारीक आवाजात देवमनभाऊ म्हणाले, "भरलं." मी त्यायच्या हातावर पाणी घातलं. ते भिंतीले टेकून लेकरासारखे रडले.

मोबाईल वाजला. फलकनं उचलला, इंग्रजीत काही बोलली, अन् माह्याकडे पाहिलं.

मी पदर खोचला अन् त्याच पाटावर बसली.

"काकू, बाई कुठं पितर बसते काय?" फलक हळूच म्हणाली.

"कोणाची हरकत?" मी विचारलं. देवमनभाऊ गप्प. फलक गप्प. "मंग झालं. सर्वानुमते."

ताटात नवी पोळी घेतली. चिंचेचं पाणी पेली. पोळी गोड होती, मीच केलेली, पण घशाखाली उतरली अन् कुठं गेली ते कळलं नाही. फलकनं मोबाईल माह्यासमोर धरला. घरची बाई तर पाटावर, मंग फलकनंच विचारलं, "पोट भरलं काय?"

मी खाकरली. मुद्दाम नाही.

"नाई," मी म्हणलं. "जो हजर नाही त्याचा होकार धरू नका."

फलकनं ते इंग्रजीत सांगितलं. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं मोबाईलवर हात ठेवला. "नाव विचारते, काकू. कोण बोलून राहिलं?"

लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून बुढ्याचं नाव मी तोंडानं कोणासमोर घेतलं नव्हतं, उखाण्यातही लाजून अर्धंच.

"नत्थुजी," मी म्हणलं.

फलकनं नाव सांगितलं अन् फोन बंद केला. हरकत कायम राहिली म्हणाली. देवमनभाऊ उठले, काठी न घेताच घरी गेले, जेवले नाही, म्हणे पोट तट्ट भरलं. फलकही गेली. मी ताटातलं सारं संपवलं, मंग टोपल्यातल्या पोळ्या घेतल्या, मंग शिळी भाकर काढली. अजून भूक होती.